नागमणीचा मुरलेला लॅपटॉप

या, बसा. तिकडं नको, ऊन येतंय, हिकडं पंख्याखाली सरका. चहा सांगितलाय. तो येईपर्यंत एक गोष्ट ऐका. ऐकून झाली की तुमच्या पिशवीतल्या त्या लॅपटॉपकडं परत सरळ नजरेनं बघणार न्हाई तुम्ही. लावा पैज पाहिजे तर.

आमच्या सोलापुरात नागमणी येमूल म्हणून एक बाई हाय. टॉवेल-चादरीची डिझाईन काढती. आता तुम्ही म्हणाल, डिझाईन काढणं म्हणजे काय, मोर काढला, फूल काढलं, झालं. तसं न्हवं ते. कापडाला मोर कळत न्हाई. कापडाला एवढंच कळतं, कुठला दोरा वर आणि कुठला खाली. मागाच्या डोक्यावर प्रत्येक दोऱ्याला एक हुक असतो, तो हुक कधी उचलायचा ते मागाला सांगावं लागतं. मोराचं पीस गोल दिसतं ना तुम्हाला? कापडात गोल नसतंच काही. सगळ्या पायऱ्या. त्या पायऱ्या कुठं मोडल्या की बघणाऱ्याचा डोळा फसतो, ते नागमणीच्या हाताला कळायचं. कसं कळतं विचारलं तर म्हणायची, "हाताला विचारा."

तर त्या उन्हाळ्यात तिचा लॅपटॉप मेला. ऊन असं की सरकारनं दुपारचे कारखाने बंद ठेवायला लावलेले, माग पहाटे चालायचे. एका फुलाच्या मधोमध स्क्रीनवर रेघा आल्या आणि काळोख झाला. फूल अर्धं आत, अर्धं हिच्या डोक्यात.

पूर्वीचा काळ असता तर नवा घेतला असता, काम सुरू. पण तोवर मुरणाऱ्या चिपा आल्या होत्या. आज सगळ्यांच्या घरात हायत, पण कुणाला विचारलं चालतात कशा, तर तोंडाकडं बघतात. मला जसं कळलं तसं सांगतो. धातूच्या दोन पत्र्यांमध्ये गंजासारखा एक पातळ थर. त्यातनं वीज गेली की धातूचा एक बारीक तंतू तयार होतो. परत त्याच वाटेनं गेली की तंतू जाड होतो. लाईट गेली तरी मोडत न्हाई. असे कोट्यवधी तंतू. जुन्या कॉम्प्युटरात आठवण एकीकडं आणि हिशोब दुसरीकडं, नुसती ने-आण, त्यातच निम्मी बॅटरी खलास. हिथं तंतूच आठवण आणि तंतूच हिशोब. तुम्ही जसं काम कराल तसे तंतू वाढणार. हातमागाच्या लाकडी पावडीला विणकराच्या पायाचा खळगा पडतो की न्हाई? तसाच हा तुमच्या हाताचा खळगा. वर्षभरात तुम्ही चोच काढली की लॅपटॉप पीस काढायला लागतो, तेही तुमच्याच पद्धतीनं. लोणच्यासारखा मुरतो, म्हणून मुरणारी चिप.

आणि खरी गोम पुढं हाय. एका चिपमधलं मुरणं दुसरीत उतरवता येत न्हाई. प्रत्येक चिपचा थर कुठं जाड, कुठं पातळ. एकीचे तंतू दुसरीला बसत न्हाईत, दुसऱ्याची चप्पल पायाला चावती तसं. म्हणजे हात तुमचा, पण राहतो यंत्रात. यंत्र मेलं तर हात मेला. आणि यंत्र दुसऱ्याचं असलं तर?

हितंच नागमणीची पंचाईत झाली.

तिचा नवरा पुरुषोत्तम, राजेशम शेठच्या कारखान्यात जॉबर. माग बिघडला की दुरुस्त करायचा, दोरा तुटला की शिव्या खायच्या. दुपारी घरी आला, हातपाय धुतले आणि भातावर सार ओतून घेत म्हणाला, "मणी, काम झालं बघ. शेठ लॅपटॉप देणार हाय. नवा कोरा. फुकट. कामाला वापर, घरी वापर, पोरीच्या अभ्यासाला दे, काय पण कर."

"फुकट?"

"फुकट म्हणजे फुकट. एका कागदावर सही तेवढी, काम सोडलं की लॅपटॉप परत."

"नरसय्या अण्णांना पण फुकटच दिला होता," नागमणी म्हणाली.

पुरुषोत्तमचा घास हातातच राहिला. कारण नरसय्या अण्णांचं सगळ्या पेठेला ठाऊक. सोलापुरातला मोर म्हणजे अण्णांचा मोर. नागमणीला डिझाईन शिकवली त्यांनीच. शेठनं दिलेल्या लॅपटॉपवर म्हाताऱ्यानं जीव ओतून काम केलं, चिप मुरली, आणि एका सकाळी शेठ म्हणाला, अण्णा, डोळे थकले तुमचे, आता आराम करा. लॅपटॉप ठेवून जा. त्या जागी आपल्या पुतण्याला बसवलं. पुतण्या चोच काढतो, चिप मोर काढती. अण्णा घरी. कुणी भेटलं की हसत हसत सांगायचे, "माझाच मोर माझ्या छातीवर नाचायलाय."

"म्हणजे तू न्हाई म्हणणार?" पुरुषोत्तमनं विचारलं. "शेठचं तोंड मला रोज बघायचं असतंय. तुला न्हाई."

"माझा हात मी कुणाकडं गहाण ठेवणार न्हाई."

"मग हात घेऊन बस घरी! यंत्र कुठनं आणणार?"

"बाजारात काय लॅपटॉप संपले का?"

त्यानं ताट सरकवलं. तिनं ते परत त्याच्यापुढं सरकवलं. "भात काय शेठनं दिला न्हाई, खा." खाल्ला त्यानं. पण बोलला न्हाई.

संध्याकाळी ती गेली इब्राहिम नदाफच्या दुकानात. जुने लॅपटॉप विकणारा माणूस, जीभ अशी की मेलेलं यंत्र पण नाचत गिऱ्हाईकाच्या घरी जाईल.

"आवो वैनी, बैठो. क्या दिखाऊ? हे बघा, सूरतच्या डिझायनरचा. पूरा मुरलेला. तुम्ही झोपा, हा साड्या काढतो."

"मला टॉवेल काढायचेत. आणि झोपायचं न्हाई."

"मग हा कोरा. भट्टीत भाजलेला. गरम केलं की आतले सगळे तंतू तुटतात, चिप जन्मल्यासारखी होती. पण सच बोलतो, लई वेळा भाजला की पापडासारखा होतो. हा दोनदा भाजलाय. तिसऱ्यांदा आपण गॅरंटी न्हाई देणार."

सूरतवाला तिच्या आवाक्याबाहेर, आणि भाजलेल्याचा भरवसा न्हाई. नवीन तर काचेतनं बघायचा. तिची नजर कोपऱ्यातल्या एका जाडजूड यंत्रावर गेली. मजबूत बिजागरी, मोठा स्क्रीन, बटणं घासून पांढरी झालेली.

"हा?"

इब्राहिम जरा लाजला. खरंच, धंद्यात पहिल्यांदा लाजला असेल. "वैनी, यंत्र वाघ हाय. चिप एकदम तगडी, एकदा पण भाजली न्हाई. पण ते कोर्टातल्या टायपिंगवाल्याचं हाय. नुसते भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं. फायली सगळ्या पुसल्यात, त्याचं काही आत न्हाई. पण मुरलाय तो वकिली भाषेत. कुणी घेत न्हाई. परवा एका पोरानं नेला, प्रेमपत्र लिहायला बसला, तर ह्यानं साक्षीदाराची नावं मागितली. परत आणून दिला."

नागमणी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "माझा हात त्याच्यावर मुरेल का?"

"मुरेल की. जुने तंतू बारीक होत जातात, नवे जाड होतात. वेळ लागेल. तोवर दोघं एकत्र नांदायचं."

"सवतच आणायची म्हण की घरात."

"सवत न्हाई वैनी, वकील. सवतीपेक्षा जास्त बोलतो."

घेतला तिनं. आणि खरंच नांदणं अवघड गेलं. घरी आणून बहिणीला निरोप लिहायला घेतला, 'भाजी' एवढंच लिहिलं तर यंत्रानं पुढं करून दिलं, 'भाजी संपली असल्याचे आपणांस याद्वारे कळविण्यात येते.' पोरीच्या शाळेत लिहायचं होतं की ताप आलाय, तर 'सदर मुलीस ताप आला असून त्याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही.' पोरगी लोळून हसली. पोरीनं त्याचं नावच ठेवलं, वकीलमामा.

पण वकीलमामाची एक सवय निराळी होती. दिवस कलायला लागला की कुणालाही निरोप लिहायला घ्या, तो हळूच पुढं करायचा, 'येताना काय आणू?' तो जो कोण टायपिंगवाला होता, तो रोज घरी विचारत असणार. इतके वेळा, की तंतू दोरखंडासारखा झालेला. एकदा घाईत नागमणीच्या बोटाखालनं तोच निरोप पुरुषोत्तमला गेला. हा कारखान्यात, ती घरात. त्यानं फोन केला. "तू घरात हायस ना? कुठनं येणार हायस? आणि काय आणणार हायस?"

"मी न्हाई, वकीलमामानं विचारलंय."

इतके दिवस नवराबायको कामापुरतंच बोलत होते. मग तो म्हणाला, "मी विचारायला पाहिजे होतं ते. काय आणू?"

"शेवगा आणा," ती म्हणाली. एवढंच. पण त्या दिवशी जेवताना दोघं बोलले.

काम मात्र रखडायचं. एकेक पाकळी हातानं काढायची, कारण यंत्राला पाकळीचं काही सोयरसुतक न्हाई. नेहमीचं चार दिवसांचं काम लांबत जायचं. डोळे चुरचुरायचे. तरी बाई उठली न्हाई. म्हणायची, सासरी आलेल्या सुनेला पण चूल कळायला वेळ लागतोच की.

मग शेठनं दोरी आवळली. पेठेतल्या सगळ्या डिझाईनवाल्या बायकांना निरोप आला. इथून पुढं काम पाहिजे असेल तर कारखान्याच्याच लॅपटॉपवर. सही करा, लॅपटॉप न्या. न्हाईतर राम राम. बाकीच्या बायका नागमणीकडं आल्या. काय करायचं? पोरंबाळं हायत. ती म्हणाली, उद्या सकाळी मी शेठला न्हाई म्हणून कळवणार, तुमचं तुम्ही बघा.

आणि बसली नकार लिहायला. लिहिलं, 'शेठ, तुमचा लॅपटॉप'. पुढं 'मला नको' लिहिणार, तोवर वकीलमामानं आपलं वाक्य पुढं केलं. 'तुमचा लॅपटॉप वापरण्यासाठी मिळाला असून मुदत संपताच तो मूळ स्थितीत परत करण्यात येईल.'

ती पुसायला गेली. बोट तिथंच थांबलं.

भाडेकराराचं वाक्य हो. घर भाड्यानं घेतलं तर मूळ स्थितीत परत द्यायचं. तुमचा रंग, तुमचे खिळे, सगळं काढून. त्या टायपिंगवाल्यानं हजारदा बडवलं असेल, तंतूला काय ठाऊक कुठं लागू पडतं ते. पण नागमणीला लागू पडलं. तिनं इब्राहिमला फोन लावला.

"नव्या लॅपटॉपची मूळ स्थिती कसली?"

"कोरी की वैनी. चिपमध्ये एक तंतू नसतो."

"म्हणजे परत देताना भट्टीत भाजून द्यायचा."

"भाजला तर आत तुमचा हात उरणारच न्हाई..." आणि इब्राहिम थांबला. मग हसायलाच लागला. "या अल्ला! वैनी, तुम्ही वकिलासंगं ऱ्हाऊन बिघडला!"

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात गेली. लपवाछपवी काही न्हाई. चोरून एक ओळ घुसडायची आणि शेठ न वाचता सही करेल म्हणून देव पाण्यात ठेवायचे, तसलं तिला जमतच न्हवतं. गेली ती नेमकी शेठ पुरुषोत्तमला झाडत असताना. टेबलावर टॉवेलांची थप्पी. गिऱ्हाईकानं माल परत पाठवला होता. मोर झकास, पण डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक बारीक रेघ. नवे कोरे माग, तरी रेघ.

"जॉबर म्हणवतोस!" शेठ ओरडत होता. "एकेक हुक तपास म्हटलं होतं!"

"तपासला शेठ. दोनदा. माग चांगले हायत."

"मग रेघ काय भुतानं ओढली? उद्यापासून येऊ नको तू."

नागमणीनं टॉवेल उचलला. रेघेवर बोट फिरवलं. आणि तिला अण्णांच्या शेजारी बसून शिकायचे दिवस आठवले. जुन्या मागावर त्या जागेचा हुक मेला होता. सुटा भाग मिळत न्हवता. मग अण्णा डिझाईनमध्येच ती जागा चुकवायचे, शेजारच्या दोऱ्यानं भरून काढायचे. वर्षानुवर्षं. त्यांच्या हाताला ती सवयच लागली. हाताला लागली म्हणजे चिपला लागली. जुना माग भंगारात गेला, नवे माग आले, चिप बापडी अजून मेलेल्या हुकाला चुकवत बसलेली. जुन्या मागावर जी हुशारी होती, तीच नव्यावर खोट.

"रेघ मागात न्हाई शेठ," ती म्हणाली. "लॅपटॉपात हाय."

शेठनं भुवया चढवल्या. "तू कधी आलीस? आणि तुला काय म्हायती?"

"मला म्हायती हाय," हे पुरुषोत्तम म्हणाला. आत्तापर्यंत मान खाली घालून उभा होता, आता वर केली. "हुक मेलाय हे अण्णांना मीच सांगितलं होतं. जरा सांभाळून घ्या म्हटलं होतं. विसरलोच होतो बघा. मणी म्हणती ते खरं हाय."

शेठ हाडाचा विणकर. बापाच्या हातमागावर वाढलेला. त्याला पुढचं समजावून सांगावं लागलं न्हाई. खुर्चीत बसला. "मग आता? पुतण्याला सांगतो, ती जागा हातानं भर म्हणून."

"भरू द्या. चिप परत चुकवणार. तंतू जाड झालाय तो. एक तर भाजा, म्हणजे मोर पण गेला. न्हाईतर अण्णांना बोलवा. त्यांचा हात हाय, तोच वळवंल."

"आणि तू कशाला आलीस?"

तिनं कागद पुढं ठेवला. शेठचाच कागद. खाली एक ओळ वाढवलेली. शेठनं चष्मा लावून वाचली. दोनदा वाचली.

"मूळ स्थितीत. म्हणजे भाजून देणार?"

"भाजूनच."

"मग मला काय उरलं?"

"डिझाईन उरली की. त्याचे पैसे देता, ती तुमची. हात माझा."

"आणि न्हाई म्हटलं तर?"

"तर मी आपली माझ्या जुन्या यंत्रावर पाकळ्या मोजीन. बाकीच्या काय करतील मला ठाऊक न्हाई. बाहेर उभ्या हायत, विचारा."

शेठनं खिडकीतनं बघितलं. पेठेतल्या बायका फाटकाशी उभ्या. तिनं बोलावल्या न्हवत्या. त्या आपणच आल्या होत्या, उन्हात, डोक्यावर पदर घेऊन.

"वकील केलास वाटतं," शेठ कुजकटपणे म्हणाला.

"केलाय. घरीच असतो."

शेठ बराच वेळ टॉवेलावरच्या रेघेवर नख ओढत बसला. मग पेन मागितलं. सही करताना पुटपुटला, "बापानं माग विकला तेव्हा पावडी काढून घरी नेली होती. मी विचारलं, लाकूड कशाला नेतो? म्हणाला, लाकूड न्हाई, पाय नेतोय." सही केली आणि पुतण्याला हाक मारली, "त्या म्हाताऱ्याचा लॅपटॉप घे, आणि त्याच्या घरी नेऊन दे. म्हणावं, येताय का विचारलंय शेठनं."

अण्णा आले, पण लगेच न्हाई. आठवडाभर शेठला वाट बघायला लावली. म्हणाले, मोर रुसलाय, त्याची समजूत काढतोय.

बाकीच्या बायकांनी शेठचे नवे लॅपटॉप घेतले, त्या ओळीवर सही करून. नागमणीनं न्हाई घेतला. पुरुषोत्तम म्हणाला, आता तर घे. ती म्हणाली, ह्याला आता माझी पाकळी कळायला लागलीय, अर्ध्या वाटेवर कशाला सोडू? आणि कळायला लागलीच होती. पहिली पाकळी त्यानं आपणहून पुरी केली, तेव्हा तिनं शेजारणीला हाक मारून दाखवली.

फक्त एक झालं. तिचा हात मुरत गेला तसा वकीलमामा बारीक होत गेला. आता 'भाजी' लिहिलं की नुसती भाजीच येती. 'याद्वारे' गेलं, 'सदर' गेलं. पोरगी मुद्दाम वाकडंतिकडं लिहून त्याला बोलावती, कधी येतो, कधी येत न्हाई. नागमणीच्या जिवाला लागलंय ते. ज्या माणसाच्या बोटांनी आपला हात वाचवला, त्याचं नाव पण ठाऊक न्हाई. इब्राहिमनं तो लॅपटॉप भंगाराच्या गठ्ठ्यात घेतला होता, त्याला पण म्हायती न्हाई.

तिनं त्या टायपिंगवाल्यासाठी एक चादर विणून घेतलीय. स्वतः काढलेली, मोर न्हाई, फूल न्हाई, नवीनच काहीतरी हाय, मला पण नीट दाखवली न्हाई. घडी घालून ठेवलीय.

तुमचं कोर्टाकडं येणं-जाणं असतं ना? तिथं झाडाखाली, जिन्यात, कुठं टायपिंगवाले बसतात, त्यांना विचारा. जुना लॅपटॉप विकलेला कोण असला, तर त्याला एवढं सांगा, की विडी घरकुल वसाहतीत नागमणी येमूलकडं त्याची चादर हाय, येऊन घेऊन जा म्हणावं.